इंग्लंडला गेलेला अंगठा

५ फेब्रुवारी २००४, गुरुवार. दुपारी.

प्रतिभा, वाचतेस ना? मग आधी उठ आणि गॅसवर दूध ठेवलंयस ते बघ. विसरलीस. मला माहीत होतं. पुन्हा कधी हे पान वाचशील तेव्हाही विसरलेलीच असशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून घेतलं.

ही साळूबाई खंडेराव हिची रोजनिशी. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम इंदिरानगर, नाशिक. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे वही अगदी सुरक्षित आहे. मी सांगते, सून लिहिते, आणि मी म्हणेन तेव्हा वाचून दाखवते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. लिहू दे. बीए झालेली आहे, कुठेतरी वापरायला हवं.

वही ठेवायचं कारण: माझं नाव इंग्लंडमध्ये छापून येणार आहे. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या लोक मागाहून शोधत बसतात. तो त्रास नको.

त्याचं असं आहे. नात रूपाली मुंबईला जाऊन शिकून आली. अंग हलवून, नाचून मनाचं दुखणं बरं करायचं, असं शिक्षण. दोन वर्षं लागली. आम्ही भोंडल्यात फेर धरून हेच करायचो, वर खिरापत मिळायची. आता ती कॉलेजात तासांवर शिकवते. कायम व्हायचं तर परदेशी जर्नलने तिचा एक पेपर डिसेंबर संपायच्या आत घेतला पाहिजे. नाही घेतला तर तिच्या बापाने, म्हणजे माझ्या ज्ञानेशने, अंबडला आपल्या कंपनीच्या टाइम ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. पोरीने बायकांची मनं मोकळी करायची की कामगारांची उशिराची मिनिटं मोजायची, एवढाच प्रश्न.

मी म्हटलं, काळजी सोड, मी आहे. ती म्हणाली, आजी, तीच काळजी आहे.

संकल्प: रोज दोन ओळी. रोज उजव्या हाताला तेल.

(हात खांद्याच्या वर जात नाही. दोन वर्षं झाली. पंख्याचं वारं बाधलं. खंडेराव गेले त्याच आठवड्यात पंखा बसवला होता. तेवढाच संबंध.)

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

दोन चौक पलीकडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रूपालीचं सेशन. सहा बाया, सगळ्या नवऱ्यामागे राहिलेल्या. बाकीच्या इलाजाला येतात. मी शिकवायला जाते. झिम्मा, पिंगा, फेर, सगळं माझ्याकडून. रूपाली नुसती टाळ्या वाजवते आणि वहीत काहीतरी लिहिते.

बायडाबाईपण येते. बाजारात चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसली. तिची मेथी-शेपू, माझी फुलं. पोराने फ्लॅट घेतला म्हणून इंदिरानगरात आली. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. दुखण्याला कोणी इस्त्री करतं का?

आज रूपाली म्हणाली, जी हालचाल सगळ्यात जास्त आठवते ती करून दाखवा. तानुबाईंनी सडा टाकला. बायडाबाईने जुड्या बांधल्या. मी पाटी उचलून दाखवली.

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोर माणूस लागतं. दोघांनी चार हातांनी उचलायची आणि आपण मान खाली घालून तिच्याखाली शिरायचं. पहाटे चारला, मळ्यात, पंचेचाळीस वर्षं. समोर खंडेराव. बोलायचे काही नाहीत. नुसतं हं म्हणायचे, की उचलायचं.

तर मी वाकले, काठ धरला. समोर कोणी नव्हतं. मी तशीच वाकून राहिले. शिकवताना जरा थांबावं लागतं, बायांना नीट दिसायला हवं. मग बायडाबाई कोणी न सांगता समोर आली, दुसरा काठ धरल्यासारखं केलं आणि म्हणाली, हं.

हात वर गेला. सरळ डोक्यापर्यंत.

नंतर डोळ्यात पंख्याची धूळ गेली. चाळीस मिनिटं. हॉलचा पंखा मोठा आहे.

१३ फेब्रुवारी.

वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली. स्वतः. तेलाचा गुण. प्रतिभा म्हणाली, आई, तेलाची बाटली तर तुम्ही अजून उघडलीच नाही. लिहून घे म्हटलं. तेलाचा गुण.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी.

रूपाली पेपर लिहायला बसली आहे. मी नाव सुचवलं: साळूबाईची पाटी. तिने दिलेलं नाव दीड ओळीचं आहे आणि त्यात ना साळूबाई ना पाटी.

मराठी करून वाचून दाखव म्हटलं. सहभागी एस. वय चौऱ्याहत्तर, निरक्षर, विधवा. मी विचारलं, ही कोण गं बिचारी? ती म्हणाली, तू. खरं नाव देता येत नाही आजी, पेशंटचं नाव छापत नसतात. मी म्हटलं, पेशंट कोण? ती पाणी प्यायला उठली.

पुढे लिहिलंय, एस. चाळीस मिनिटे रडली.

मी सांगितलं, धूळ लिही. ती म्हणाली, आजी, तोच तर पेपर आहे. ते काढलं तर खाली पंखा उरतो.

आणखी एक गंमत कळली. लिहिणाऱ्याचंही नाव पानांवर घालत नाहीत. तिकडे दोन परीक्षक बसतात. कोणी लिहिलं ते त्यांना कळू द्यायचं नाही आणि कोणी तपासलं ते हिला कळू द्यायचं नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंतरपाट, मधे संपादक भटजी, आणि अक्षता कधी पडतील ते त्या भटजीलाही ठाऊक नाही. ही काय रीत झाली? इकडे बाजारात पाव किलो शेवंती घेताना गिऱ्हाईक आधी विचारतं, कोणाच्या मळ्यातली.

संकल्प: नाव गेलंच पाहिजे. कसं ते बघू.

२२ मार्च, सोमवार.

पेपर गेला. सविस्तर लिही, प्रतिभा, हे पान इतिहासात लागेल.

काल पाडवा. मुहूर्तावर पाठवायचा होता, पण रविवार, पोस्ट बंद. तीन प्रती, चोवीस-चोवीस पानांच्या, उघड्या पाकिटात घालून रूपालीने देवापुढे ठेवल्या. दुपारी श्रीखंड खाऊन घर आडवं झालं. मी ज्ञानेशच्या कप्प्यातून शाईचं पॅड काढलं.

मळ्याचं खरेदीखत झालं तेव्हा खंडेरावांनी मला शिकवलं होतं, साळू, प्रत्येक पानावर अंगठा दे. शेवटच्याच पानावर देशील तर मधलं पान कोणी बदलेल आणि विहीर जाईल. शेजारच्या कारभारीची अशीच गेली. आमची विहीर अजून आहे.

म्हणून प्रत्येक पानावर. बहात्तर अंगठे. खाली उजव्या कोपऱ्यात, एका ओळीत. नाव घालायचं नाही म्हणाले, मी नाव घातलं नाही. नियम पाळला.

आकडे मला कळतात, बाजारात बसले आहे. अकराव्या पानावर इंग्रजी चाळीस आहे तिथे अंगठा जरा जास्त दाबला गेला. चाळीस दिसेनासे झाले. तिन्ही प्रतींत. योगायोग.

मग पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं, वर हळदीकुंकवाचं बोट ओढलं. रूपालीला वाटलं प्रतिभाने चिकटवलं, प्रतिभाला वाटलं रूपालीने. आज सकाळी रजिस्टर झालं.

हे सांगितलं तेव्हा प्रतिभाने कपाळावर हात मारून घेतला. हातात पेन उघडं होतं, कपाळावर निळी रेघ उठली. तिला वणीच्या देवीची शपथ घातली आहे. रूपालीला एक अक्षर सांगायचं नाही. पोरीला आयता आनंद मिळू दे.

१९ एप्रिल.

उत्तर नाही. मोठ्या लोकांना वेळ लागतो. बागेत बाकावर सगळ्यांना सांगून टाकलं. बायडाबाई म्हणाली, साळे, लय झालं तुझं. तुझं नाव छापलं तरी वाचणार कोण, तू का मी? मी म्हटलं, इंग्लंड वाचेल. ती म्हणाली, वाचू दे बाई, तू आधी मला त्या दिवशीचं घरी नेऊन सोडल्याचं रिक्षाभाडं दे.

कोणत्या दिवशीचं ते मला आठवत नाही.

११ मे, मंगळवार.

रूपाली सायबर कॅफेतून आली. चप्पल न काढता सोफ्यावर बसली. संपादकाची ईमेल. फार नम्र माणूस आहे, म्हणाली. कागदावर उतरवून आणली होती, वाचून दाखवली.

पहिलं, प्रत्येक पानावर एक निळी खूण आहे, ती लेखकाची असेल तर नियमात बसत नाही. दुसरं, ती सहभागी व्यक्तीची असेल तर जास्तच गंभीर, कारण जिची ओळख लपवायची तिची ओळख बहात्तर वेळा उघड झाली आहे. तिसरं, अकरावं पान लागत नाही. चौथं, सहभागी व्यक्तीच्या हाती हा लेख आलाच कसा, ते कळवावं. पाकिटावरच्या पिवळ्या-लाल रंगाबद्दल त्याने काही विचारलं नाही. घाबरला असेल.

सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मी हात पदराखाली घेतला. थंडी वाजत होती. मे महिना आहे, माहीत आहे.

मी म्हटलं, पोस्टमनचा असेल. रूपालीने शाईचं पॅड समोर ठेवून विचारलं, आजी, जुळवून बघू? मी म्हटलं, तू पोलिसात जायला हवं होतंस.

ओरडली असती तर बरं होतं. ओरडली नाही. ज्ञानेश आतून म्हणाला, अंबडचा फॉर्म टेबलावर ठेवलाय गं, नुसती सही राहिलीये. ती तोंडात घास धरून बसतात तशी बसली.

संकल्प: कबूल करायचं नाही.

१२ मे.

कबूल केलं. म्हणजे असं म्हटलं की खंडेरावांनी शिकवलं होतं. चूक त्यांची. ते उत्तर द्यायला येणार नाहीत, मला ठाऊक आहे.

रूपालीने संपादकाला खरं तेच कळवलं. सहभागी एस. माझी आजी आहे, लेख देवापुढे होता. प्रतिभा म्हणाली, थोडं फिरवून लिहायचं होतंस. रूपाली म्हणाली, आई, या घरात फिरवून सांगणारं एक माणूस पुरे. कोणाबद्दल बोलली कोण जाणे.

नव्या प्रती काढल्या. या वेळी देवापुढे नाही, कपाटात. कुलूप लावून. किल्ली ज्ञानेशच्या खिशात.

१७ जून, गुरुवार.

इंग्लंडचं डोकं फिरलंय. आता त्यांनाच अंगठा हवा आहे. सहापैकी ज्या तिघी लेखात आहेत, त्यांच्या संमतीचा कागद: लेख मला वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. खाली अंगठ्याला चौकट आखून दिली आहे. बहात्तर फुकट दिले तेव्हा गुन्हा झाला.

बायडाबाई आणि तानुबाईंनी लगेच दिला. मी म्हटलं, धूळ लिहा, मग बघू.

२ जुलै.

दिला. पोरगी रोज पॅड जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायची, मिठासारखं. पंधरा दिवस कोण जेवेल तसं? धूळ काही लिहिली नाही. मोठ्या मनाने सोडून दिलं.

ऑगस्ट. तारीख प्रतिभा विसरली.

काही नाही. हात बरा आहे. तेलाची बाटली उघडायची राहिली.

१८ ऑक्टोबर, सोमवार.

दसऱ्यासाठी मळ्यातून झेंडू आला होता, माळा करत बसले होते. रूपालीने परीक्षकांचं उत्तर आणलं.

परीक्षक पहिला म्हणतो, उत्तम. सगळ्यात चांगला भाग सहभागी एस.चा. शहाणा माणूस दिसतो. परीक्षक दुसरा म्हणतो, संपादकाने कळवल्यावरून एस. ही लेखिकेची आजी, तिने लेखात ढवळाढवळ केली, खुणा केल्या, संमतीही ओढूनताणून दिली. तिची हकिगत वगळावी. बी. आणि टी. ठेवाव्यात. वगळली तर छापू, नाही तर नाही.

म्हणजे बायडाबाईला मांडव आणि मला वाटाण्याच्या अक्षता.

मी म्हटलं, त्या दुसऱ्याला पत्र लिही, मी सांगते. रूपाली म्हणाली, लिहायचं काही नाही आजी. तुझ्याशिवाय पेपरच नाही. मी मागे घेते. आणि टेबलावरचा अंबडचा फॉर्म ओढला.

पाच महिने तो फॉर्म तिथेच होता. त्यावर भाजी निवडून झाली, तरी कोणी उचलला नव्हता.

ज्ञानेश म्हणाला, शहाणी आहेस. प्रतिभा म्हणाली, तुम्ही गप्प बसा.

१९ ऑक्टोबर. पहाटे चार. जुनी सवय.

रूपालीची खोली उघडी होती. ती जागी. मी दारात उभी राहून सांगितलं, मला काढ. मला वेळ नाही या जर्नलसाठी. दसरा आलाय, झेंडूला भाव आहे, नंतर दिवाळी. ती म्हणाली, आजी, तुझी सगळी हकिगत जाईल. पाटी जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे, पाटी काय इंग्लंडला द्यायची आहे?

ती काही ऐकेना. मग मी तिला सांगितलं की ती धूळ नव्हती. पंखा त्या दिवशी बंद होता, फेब्रुवारीत पंखा कोण लावतं? दोन वर्षं मी समोरचं माणूस गेल्यावर काठ सोडलाच नव्हता, म्हणून हात तसा राहिला. रडले. चाळीस मिनिटं नाही, जास्त. रिक्षातपण. तुझा इलाज लागू पडला, हे तुला कळलं, मला कळलं. तिसऱ्याला कळायची गरज नाही. आता ती पानं काढ आणि झोप.

ती उठून बिलगली. मी म्हटलं, सोड, माळा राहिल्यात.

प्रतिभा, हे लिहू नको. लिहिलंस? खोड. पेन संपलं म्हणू नको.

९ डिसेंबर, गुरुवार.

घेतला! इंग्लंडने पेपर घेतला. कॉलेजात कागद दाखवला, पोरगी कायम. अंबडच्या फॉर्मवर मी वाळवणाला घातलेली मिरची ठेवली. ज्ञानेश पेढे घेऊन आला आणि म्हणाला, मला पहिल्यापासून खात्री होती. हे माझंच पोर, शंका नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की मी माघार घेतली. निवडणुकीत घेतात तशी. बाकावर कोणाला पटलं नाही. बायडाबाई असती तर पटवून दिलं असतं, पण ती दिवाळीनंतर लेकीकडे चांदवडला गेली. पोराचं आणि तिचं काही जमलं नाही. जाताना सांगायला आली होती. मी झोपले होते. म्हणजे झोपले आहे असं सांगायला लावलं. एस. कापली आणि बी. ठेवली, त्याचा राग. तिचा काय दोष? काही नाही. पण राग कुठेतरी ठेवायला लागतो.

संकल्प: तिला फोन.

१४ जानेवारी २००५, शुक्रवार. संक्रांत.

जर्नल आलं. पातळ आहे. आमच्या पंचांगाएवढंसुद्धा नाही. चित्र एकही नाही.

रूपालीने पान उघडून मराठी करून वाचलं. तानुबाईंचा सडा, दीड पान. बायडाबाईच्या जुड्या, दोन पानं. मग एक ओळ आली. रूपालीने ती पटकन ओलांडली. मी म्हटलं, मागे जा. गेली.

सत्राच्या शेवटी बी. उठली आणि तिने दुसऱ्या एका सहभागीला पाटी उचलून दिली. त्या सहभागीचा विचार या लेखात केलेला नाही.

बस. एवढंच. इंग्लंडात बायडाबाई पाटी धरून उभी आहे आणि समोर कोणी नाही.

मी म्हटलं, अंगठा कुठे छापलाय बघ जरा. पोरीने पान उलटून बघितलं, मला बरं वाटावं म्हणून. नव्हता.

दुपारी चांदवडहून तिचाच फोन. मी करणारच होते. म्हणाली, साळे, रूपालीने कळवलं, मी इंग्लंडात आले म्हणे. पण मी त्या पाटीखाली कोणाला घालत होते गं, ते लिहिलंय का? मी म्हटलं, नाही लिहिलं. ती म्हणाली, मग काय उपयोग, निम्मं वजन तर खालच्याच माणसावर असतं. आणि लेकीकडे कशी काय आहेस विचारलं तर म्हणाली, बरी हाय. पहाटे चारला जाग येती. उठून करू काय?

मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही. लाइन चांगली होती.

प्रतिभा, विसरायच्या आत लिही. बायडाबाईला गुळाच्या पोळ्या पाठवायच्या. एकवीस. गूळ जुना घे, तीळ भाजून कुटून घाल, तूप वेगळ्या डब्यात दे, नाहीतर पोळ्या मऊ पडतात आणि ती नावं ठेवते. पिशवीतून नाही, माळ्यावरच्या फुलांच्या पाटीतून. चांदवडच्या एसटीपर्यंत ज्ञानेश गाडीने नेईल, पण दारातून गाडीपर्यंत मी डोक्यावर नेणार. उचलून द्यायला तू समोर ये. बोलायचं काही नाही. नुसतं हं म्हण.

आणि परीक्षक दुसऱ्याला पाव किलो सुके वाटाणे पाठव. कशाचे ते त्याला कळणार नाही. मला कळतंय, तेवढं पुरे.